मु. पो. भेंडीबाजार

लहानपणी माझी अगदी पक्की समजूत होती की किराणा घराणं म्हणजे वाण्याचं घराणं. फणसवाडीतल्या आमच्या चाळीखाली एक वाणी होता, त्याच्या पाटीवर 'किराणा व भुसार मालाचे व्यापारी' असं लिहिलेलं, आणि वर दुसऱ्या मजल्यावर आत्या रेडिओ लावून "गप बसा रे, किराण्याचं चाललंय" म्हणून आम्हा पोरांवर खेकसायची. त्यामुळे वाणी दुपारी एक ते चार फळी टाकून आत नेमकं काय करतो, हे मला कळलेलं होतं. तो आत बसून गातो. मी एकदा त्याला विचारलंसुद्धा. त्याने मला फुकट खडीसाखर दिली आणि आत्याला जाऊन सांगितलं, ते आजतागायत आमच्या घरात प्रत्येक लग्नात निघतं.

किराणा हे गाण्यातल्या घराण्याचं नाव कैराना नावाच्या गावावरून आलंय हे कळायला कॉलेज उजाडलं. उत्तर प्रदेशात, आताच्या शामली जिल्ह्यात आहे ते. तिथले गवई अब्दुल करीम खाँ इकडे आले, मिरजेत स्थायिक झाले, १९३७ मध्ये मद्रासकडे एका छोट्या स्टेशनावर वारले बिचारे, पण मिरजेच्या दर्ग्यात त्यांच्या आठवणीत अजूनही दरवर्षी गाणं होतं. आता गंमत बघा, आपल्याकडे किराणा म्हटलं की मिरज, कुंदगोळ, पुणे, धारवाड आठवतं. कैराना कुणालाच आठवत नाही. गाव तिकडेच राहिलं आणि नाव इकडे येऊन मराठी झालं, इतकं मराठी की वाण्याच्या पाटीत मिसळून गेलं.

आत्या म्हणायची, "घराणं म्हणजे काय गं, पत्ता. कुठून आलास ते सांग, मग कसा गातोस ते बघू."

तर हा लेख पत्त्यांविषयी आहे. आणि त्यातल्या त्यात एका पत्त्याविषयी, जो आमच्या चाळीपासून चालत अर्ध्या तासावर होता आणि तरी मला वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत माहीत नव्हता, म्हणजे माहीत होता पण गाण्यातला म्हणून नव्हता. भेंडीबाजार. आत्या ज्या बाईंकडे गाणं शिकायला जायची त्या भेंडीबाजारवाल्या. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इतकी हसले की उचकी लागली. वाणी झाला, आता भाजीवाला! आत्याने त्या दिवशी माझ्याशी बोलणं टाकलं. रात्री जेवताना आपणहून म्हणाली, "ती भाजीची भेंडी नाही. झाड आहे ते."

झाड आहे की नाही यावर मुंबईत दोन पार्ट्या आहेत. एक पार्टी सांगते की फोर्टात राहणारे इंग्रज या भागाला 'बिहाइंड द बाजार' म्हणायचे, म्हणजे क्रॉफर्ड मार्केटच्या पाठीमागचा, आणि त्याचं आपल्या लोकांनी भेंडीबाजार केलं. ही गोष्ट मुंबईत प्रत्येक हेरिटेज वॉकवाला सांगतो, टॅक्सीवाले सांगतात, आणि ऐकायला मजा येते म्हणून टिकलीय. दुसरी पार्टी म्हणते, तिथे भेंडीच्या झाडांची रांग होती. मी झाडवाल्या पार्टीत आहे. कारण सरळ आहे, शेजारचं नाव बघा, उमरखाडी. उंबराची खाडी. पलीकडे चिंचपोकळी. इकडे आमची फणसवाडी, जिथे मी एकही फणस पाहिलेला नाही, पाहिला तो थेट मंडईत. हे अख्खं बेट आधी झाडांच्या नावाने ओळखलं जायचं आणि मग त्या झाडांखाली बाजार भरले. मध्येच एकट्या भेंडीने इंग्रजांची वाट बघत बसायची काय गरज होती?

पण 'बिहाइंड द बाजार'ची गोष्ट मला आवडत नाही त्याचं खरं कारण वेगळं आहे. फोर्टात उभं राहून बघितलं तर सगळी मुंबईच कशाच्या तरी मागे येते. आपल्या गल्लीचं नाव दुसऱ्याच्या पाठीवरून पडलं असं मानायला मला जीव होत नाही, बस.

आता गाण्याकडे. छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे तिघे गवई भाऊ. मूळ गाव बिजनौर, म्हणजे तेही उत्तर प्रदेश, मुरादाबादच्या बाजूचं. साधारण १८७० च्या सुमारास मुंबईत आले आणि भेंडीबाजाराच्या आसपास राहिले. का आले याचं उत्तर त्या काळात जरा डोकावलं की मिळतं. १८५७ नंतर उत्तरेतली छोटी-मोठी दरबारं कोलमडत होती, आणि इकडे कापसाच्या पैशाने मुंबई फुगली होती, पारशी आणि गुजराती शेटजींना गाणं ऐकायची हौस होती, १८७० मध्येच पारश्यांनी इथे गायन उत्तेजक मंडळी काढली. आणि त्याच १८७० साली जबलपूरमार्गे मुंबई-कलकत्ता रेल्वे सलग जोडली गेली. मला नेहमी वाटतं, ते तिघे ट्रेननेच आले असतील, एका हातात तंबोरा आणि दुसऱ्या हातात वळकटी, आणि बोरीबंदरला उतरल्यावर कुणीतरी हात केला असेल की आपली माणसं तिकडे राहतात, सरळ जा, मार्केटच्या मागे. (हो, हो, मागे. कळलं.)

इथे एक गोष्ट माझ्या डोक्यात बरीच वर्षं घोळतेय. घराण्यांची नावं बघा. ग्वाल्हेर, आग्रा, ही ठीक आहेत, तिथे दरबार होते, गाणं तिथेच वाढलं. पण किराणावाले गाव सोडून आले आणि सोडलेल्या गावाचं नाव घेऊन फिरले. जयपूर-अत्रौलीचं तर डबल, अल्लादिया खाँसाहेबांचं घराणं अत्रौलीचं, नाव जयपूरचं, आयुष्य गेलं कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी, आणि शेवटची वर्षं मुंबईत, १९४६ ला इथेच वारले. पण कोल्हापूर घराणं म्हणतं का कुणी? नाही. मुंबई घराणं तर नाहीच. गाणाऱ्याला विचारलं की तो मागे वळून बोट दाखवतो, तिकडचा मी.

आणि मग हे तिघे भाऊ. त्यांना बिजनौर घराणं म्हणायला कुणाची ना नव्हती. पण लोकांनी त्यांना भेंडीबाजारवाले म्हटलं, आणि तेच राहिलं. सोडलेलं गाव नाही, पोचलेलं ठिकाण. तेही साधं शहर नव्हे, शहरातला एक बाजार, जिथे सकाळी कोंबड्या, दुपारी लोखंड आणि संध्याकाळी अत्तर विकतात. एवढी दरबारी कला आणि तिच्या पत्त्यावर राजाच्या ऐवजी बाजार! मुंबईने दुसरं काय दिलं असतं म्हणा.

आमच्यासारख्यांना हे जास्त लागतं कारण आम्ही सगळे 'कर'. आमचं आडनाव ज्या गावावरून पडलंय ते गाव मी आयुष्यात तीनदा पाहिलंय, त्यातलं एकदा बसच्या खिडकीतून. पणजोबा गिरणीत लागायला आले त्याला शंभर वर्षं होऊन गेली, चार पिढ्या मुंबईत जन्मल्या आणि मेल्या, तरी दारावरच्या पाटीवर ते गाव आहे. आम्ही कुणी फणसवाडीकर झालो नाही. आता मी डोंबिवलीला राहते, माझी मुलगी डोंबिवलीकर होईल असंही काही दिसत नाही, तीही त्याच न पाहिलेल्या गावाचं आडनाव लिहिणार आणि फॉर्मवर 'मूळ गाव' असं आलं की मला फोन करणार.

गाण्यातल्या आपल्या बायकांची आडनावं काढा, सगळा गोव्याचा नकाशा निघतो. केसरबाई केरकर, केरी गावच्या. त्यांचं रेकॉर्डिंग १९७७ मध्ये व्हॉयेजर यानासोबत अंतराळात गेलं हे सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच्याबरोबर केरी हे नावसुद्धा सूर्यमालेच्या बाहेर गेलं, याचा कुणी विचार केलाय का? मोगूबाई कुर्डीकर, कुर्डी गावच्या. ते कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं. दर वर्षी मे महिन्यात पाणी ओसरलं की देवळं आणि घरांची जोती वर येतात, लोक जातात, देवाला भेटतात, पंगत उठते, आणि पाऊस लागला की गाव पुन्हा खाली. म्हणजे वर्षातले दहा-अकरा महिने ते गाव फक्त एका गायिकेच्या आडनावात असतं. मी हे आत्याला सांगितलं तर ती म्हणाली, "आडनावातही नाही, षड्जात." आत्या अशी मध्येच बोलून जाते आणि मग विळीवर नारळ खवायला बसते.

आणि अंजनीबाई मालपेकर, त्या पेडण्याजवळच्या मालप्याच्या. त्यांच्याकडे तर दोन्ही पत्ते आले, आडनावात गोवा आणि गळ्यात भेंडीबाजार. नझीर खाँसाहेबांकडे शिकल्या. चाळिशीत मैफली बंद करून टाकल्या आणि पुढे शिकवत राहिल्या, किशोरीताई आमोणकरसुद्धा त्यांच्याकडे काही काळ शिकल्यात. १९५८ मध्ये संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेल्या त्या पहिल्या बाई. १९७४ साली गेल्या. आत्या सांगते तेव्हा वर्षं वगैरे सांगत नाही, नुसती म्हणते, "बाई एवढ्या सुंदर आणि गाणं बंद केलं चाळिशीत, हिंमत लागते", आणि पुढे स्वतःचं काहीतरी आठवून गप्प होते. आत्यानेही गाणं बंद केलं होतं, पण ते लग्नाच्या आधी, अठ्ठाविसाव्या वर्षी, आजी अंथरुणाला खिळली म्हणून. लग्न मग झालंच नाही.

तिची वही मात्र होती. दुरेघी, खाकी कव्हरची. मी ती चोरून बघायचे कारण मला वाटायचं त्यात गुप्त लिपी आहे. पानाच्या डावीकडून सुरुवात:

सारेगम
रेसागम
सागरेम
गसारेम
रेगसाम
गरेसाम

म्हणजे म शेवटी अडकवून ठेवलेला आणि पुढचे तिघे जागा बदलतायत. तीन स्वरांच्या सहा तऱ्हा संपल्या की म एक घर पुढे सरकतो, ग शेवटी येतो, पुन्हा सहा. असं करत चार स्वरांच्या २४ ओळी, बरोब्बर एक पान. काही ओळींवर लाल पेन्सिलीने बारीक फुली. मी विचारलं तर म्हणाली, रियाजाला सगळ्या म्हणायच्या, रागात गाताना फुलीवाल्या सोडायच्या. याला मेरुखंड म्हणतात किंवा खंडमेरू, आणि भेंडीबाजारवाल्यांची ही खासियत. पुढे मी कॉमर्सला परम्युटेशन शिकले तेव्हा कळलं, चार स्वर घेतले तर २४, पाच घेतले तर १२०, सातही घेतले तर ५०४०. सर फळ्यावर फॅक्टोरिअल लिहीत होते आणि मला आत्याच्या वहीचा वास येत होता. त्या पेपरात मला मार्क बरे पडले, त्याचं श्रेय कुणाला द्यायचं.

हे आधी माहीत असतं तर आत्याशी जास्त भांडले असते. कारण हा खंडमेरू तेराव्या शतकातल्या 'संगीतरत्नाकर' ग्रंथात आहे, आणि तो लिहिणारा शार्ङ्गदेव यादवांच्या दरबारी होता, देवगिरीला. म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला. ती युक्ती बिजनौरकडून ट्रेनने मुंबईत आली असं मी समजत होते, आणि तिची पोथी इथे मराठवाड्यात तयार झालेली! देवगिरीचं नाव दौलताबाद झालं, पण गाण्यात 'देवगिरी बिलावल' नावाचा राग अजून आहेच. गाण्याला सरकारी नामांतर लागू होत नाही हे एक बरंय. जौनपुरी, मुलतानी, सोरठ, सगळी गावं-प्रांतं तिथे सुखात आहेत. मुंबईचा राग तेवढा विचारू नका, तो सकाळी नऊच्या फास्ट लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकू दिलं नाही की निघतो.

छज्जू खाँसाहेबांचे चिरंजीव अमान अली खाँ, त्यांनी हंसध्वनी हा दक्षिणेतला राग इकडे रुजवला. सा रे ग प नी, पाचच स्वर, सगळे शुद्ध, म आणि ध नाहीच. ते १९५३ मध्ये गेले. लतादीदी, मन्ना डे त्यांच्याकडे काही काळ शिकले, इंदूरचे गायक अमीर खाँ त्यांच्या गाण्याने भारावलेले. आणि हंसध्वनीतलं दक्षिणेतलं सगळ्यात गाजलेलं काय, तर मुत्तुस्वामी दीक्षितारांनी रचलेलं 'वातापि गणपतिं', आणि वातापी म्हणजे बदामी, जिथे आपण शाळेच्या ट्रिपला जाऊन लाल दगडावर बसून डबा खाल्लेला असतो. तमिळनाडूतल्या गणपतीला बदामीचं नाव कसं, तर सांगतात की पल्लवांच्या सेनापतीने बदामी जिंकून तो तिथून नेला. म्हणजे इथेही मूर्तीने गाव सोडलं आणि नाव बरोबर नेलं. हे असं एकदा दिसायला लागलं की थांबतच नाही.

ऑफिसात मी हे सगळं कधीतरी डब्याच्या वेळी बडबडत होते तेव्हा माटुंग्याची एक मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे उलटं आहे. श्रीलंकेतलं जाफना, त्याचं तमिळ नाव याळ्पाणम. याळ म्हणजे जुनं तंतुवाद्य, वीणेसारखं, हार्पसारखं म्हण, आणि पाणर म्हणजे ते वाजवत फिरणारे गाणारे. दंतकथा अशी की एका आंधळ्या वादकाने राजासमोर याळ वाजवला, राजा खूश झाला आणि त्याला तिथली रेताड जमीन बक्षीस दिली, त्यावरून गावाचं नाव पडलं. मी भात कालवायची थांबले. म्हणजे इथे बाजाराने गाण्याला नाव दिलं आणि तिथे गाण्याने शहराला. आता तो याळ कुणी वाजवत नाही, पण लाखो लोक आपल्या गावाचं नाव घेताना रोज त्याचा उच्चार करतात. ती पुढे म्हणाली, बक्षीस मिळालं काय, तर वाळू. कलाकाराला मिळतं ते असंच.

गेल्या जूनमध्ये रजा उरली होती म्हणून एका मंगळवारी मी भेंडीबाजारला गेले. खास झाड शोधायला. सँडहर्स्ट रोडला उतरले, चालत. मोहम्मद अली रोडवर जे. जे. फ्लायओव्हर आहे, २००२ पासून, त्यावरून टॅक्सीने मी शंभरदा गेलेय, वरून नुसत्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या दिसतात, वाळत घातलेले कुर्ते आणि एसीचे मागचे डबे. खाली उतरून कधी चालले नव्हते. साडेसोळा एकरांवरच्या जुन्या चाळी पाडून टॉवर बांधायचं काम चालू आहे, अर्धा भाग पत्र्याच्या कुंपणामागे. एका गल्लीत पत्र्याच्या अलीकडे अजून लाकडी कठड्यांची इमारत होती, गॅलरीत पिंजरा, पिंजऱ्यात पोपट, खाली एक माणूस जुन्या कुलपांचा ढीग लावून एकेकाला किल्ली लावून बघत होता. एक लागत नाही, दुसरी. दुसरी नाही, तिसरी. मी जरा वेळ उभी राहिले. फुलीवाल्या ओळी बाजूला टाकत होता तो.

त्यालाच विचारलं, "चाचा, इधर भेंडी का पेड किधर है?"

"भेंडी का पेड नहीं होता, पौधा होता है," तो मान वर न करता म्हणाला. "लेना है तो आगे सब्जीवाला बैठता है."

अजून दोघांना विचारलं. एक म्हणाला नाव 'बिहाइंड द बाजार' वरून आहे मॅडम, गूगलवर बघा. दुसऱ्याला मी गाण्याचं विचारलं, उस्ताद वगैरे, तर त्याने मला अत्यंत अदबीने कव्वालीच्या जुन्या कॅसेटवाल्याकडे पाठवलं, तो दुकान बंद करून गेलेला. झाड एकही नाही. पिंपळ होता एक, भिंतीतून आलेला. मी पाव किलो भेंडी घेतली आणि घरी आले, कोवळी होती.

आणि मग गंमत म्हणजे झाड सापडलं ते ऐरोलीला. माझ्या ऑफिसच्या मागे, खाडीच्या बाजूला, जिथे सिक्युरिटीवाले चहा पितात. रोज तिथून जायचे आणि पिंपळ समजायचे, पानं तशीच हृदयाच्या आकाराची, पण शेंडा एवढा लांब नाही. त्या दिवशी खाली फूल पडलेलं दिसलं. पिवळं, भाजीच्या भेंडीला येतं तसंच, आत तळाशी गडद तांबडा ठिपका. उचललं, हातावर ठेवून फोटो काढला आणि आत्याला व्हॉट्सअ‍ॅप केला. आत्या आता ८१ वर्षांची आहे, बोरिवलीला असते, टाईप करायचा कंटाळा म्हणून व्हॉइस नोट पाठवते, आणि प्रत्येक नोटच्या सुरुवातीला फोनमध्ये फुंकर मारते, चालू आहे का बघायला.

फुंकर. मग कुकरची शिट्टी. मग तिचा आवाज: "मिळालं का झाड. मी सांगत होते. पण हे सकाळचं आहे गं. संध्याकाळी ते लाल होतं. सुटलीस की परत जा आणि तेव्हाचा पाठव."